घागर आणि कळशी यांत नेमका फरक काय?

माजघर
नमस्कार मंडळी. आमच्या गावच्या शाळेत (वाई तालुका) एका रिकाम्या खोलीत जुन्या घरगुती वस्तूंचं छोटं दालन लावायचं चाललंय. जातं, उखळ, पाटा-वरवंटा, शेर-पायलीची मापं, कंदील असं बरंच जमलंय. लोकांनी माळ्यावरून काढून आपणहून आणून दिलं. आता प्रत्येक वस्तूखाली नावाची चिठ्ठी लावायची आहे आणि पाण्याच्या भांड्यांपाशी गाडं अडलंय.

पाच-सहा भांडी आहेत, काही तांब्याची, काही पितळेची. हंडा लगेच ओळखू येतो, त्याचं तोंड रुंद असतं. बाकी सगळ्यांना गोल पोट, आखूड गळा आणि बाहेर वळलेला काठ. यांतली घागर कुठली आणि कळशी कुठली यावर एकमत होईना. एकाच पितळी भांड्याला देणाऱ्या आजी कळशी म्हणाल्या, शेजारच्या काकू घागर म्हणाल्या आणि आमचे शिपाईमामा, जे मूळचे गडहिंग्लजकडचे, ते बिंदगी म्हणाले.

"मोठी ती घागर, लहान ती कळशी" हे उत्तर मला पुरत नाही. कारण जमलेल्यांतली एका घरची घागर दुसऱ्या घरच्या कळशीपेक्षा लहान आहे. मुलं त्या चिठ्ठ्या वाचणार, तेच शब्द शिकणार, म्हणून नीट लिहायचं आहे. तुमच्याकडे काय म्हणतात आणि का म्हणतात, दोन्ही सांगा.

खळंपडवी
रत्नागिरीकडचं सांगते. आमच्याकडे रोजच्या वापरात शब्द कळशीच. विहिरीवर रहाट, रहाटावरून सुंभाचा दोर, दोराच्या टोकाला फास आणि फासात कळशीचा गळा. कळशी विहिरीत सोडली की पाण्यावर आधी आडवी होते, मग दोराला हलका झटका द्यायचा, तोंड बुडतं आणि बुडबुडे येत ती भरते. हा झटका जमायला वेळ लागतो. लहानपणी आम्हाला आधी रिकाम्या डब्यावर शिकवायचे.

हे एवढं सांगायचं कारण म्हणजे कळशीचा गळा तसा का असतो ते कळावं. काठ बाहेर वळलेला नसता तर फास निसटून कळशी तळाला गेली असती. (गेलेल्या कळश्या काढायला गळ असायचा. लोखंडी आकड्यांचा तो गळ अख्ख्या वाडीत एकाच घरी असे आणि मागायला सगळे तिथेच जात.)

भरलेली कळशी कमरेवर. डोक्यावर न्यायचा तो हंडा. न्हाणीत पाणी तापवायचं तेही हंड्यात किंवा तपेल्यात. घागर हा शब्द मात्र आमच्या घरात वर्षातून एकदाच ऐकू यायचा, नवरात्रातल्या अष्टमीला. महालक्ष्मीपुढे घागरी फुंकतात. तांदळाच्या उकडीचा मुखवटा करून देवी उभी करतात, घागर उदाच्या धुरावर धरून आतून धुपवतात आणि बायका तिच्या तोंडाशी ओठ नेऊन फुंकत नाचतात. चांगली घागर घुमते तेव्हा अंगावर काटा येतो. तिथे कुणी "कळशी फुंकायला चला" म्हणत नाही, कधीच नाही.

भीमथडी
खळंपडवीताई, रहाटाचं वर्णन फार छान. माझ्या मते उत्तर त्यातच आहे. आकारात शोधू नका, भांडं अंगावर कुठे बसतं ते बघा.

आपली म्हणच घ्या, काखेत कळसा आणि गावाला वळसा. कळसा काखेतच का? कारण तो कडेवर घेऊन चालायचं भांडं आहे. कळसा, कळशी ही काखेतली. घागर डोक्यावरची. आमच्याकडे दौंड-बारामतीच्या पट्ट्यात बाई पाण्याला निघाली की डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घागर आणि दुसरं भांडं कमरेला. ते कमरेचं भांडं कितीही मोठं असलं तरी त्याला कळशीच म्हणत.

आता वजनाचा हिशोब करा. पंधरा लिटरची घागर धरली तर पाण्याचंच पंधरा किलो, वर धातूचं वजन निराळं. एवढं ओझं एका कुशीवर घेऊन मैलभर चालता येत नाही, पाठीचा कणा वाकडा होतो. डोक्यावर ते सरळ मणक्यावर उतरतं. कमरेला सात-आठ लिटरपर्यंत ठीक. म्हणजे कळशी लहान असते ती काखेत न्यायची म्हणून. लहानपण हे नंतरचं, जागा आधीची. म्हणून माजघर यांच्याकडे लहान घागर आणि मोठी कळशी दोन्ही निघाल्या यात मला काही चूक दिसत नाही.

सुंठसाखर
+१. आमची आजी "कळशी कडेवर घे" असंच म्हणायची, जसं मूल घेतात तसं.

शब्दसांदी
व्युत्पत्तीच्या अंगाने थोडं. कळशी, कळसा आणि देवळाचा कळस ही एकाच घरची तिन्ही मुलं, मूळ संस्कृत कलश. घागरीचं मूळ संस्कृत गर्गरी, हिंदी-गुजरातीतली गागर तिची बहीण. म्हणजे दोन्ही शब्द जुने आणि दोन्ही घरचे, कुणी कुणाची जागा घेतलेली नाही.

एक गंमत मात्र बघा. मराठीत भांड्याचं नाव पुल्लिंगी केलं की भांडं मोठं होतं आणि स्त्रीलिंगी केलं की लहान. हंडा-हंडी, डबा-डबी, लोटा-लोटी, बुधला-बुधली, कळसा-कळशी. कळशी हा शब्दच सांगतो की माझ्याहून मोठा कुणीतरी आहे. घागरीला असा जोडीदार नाही. घागरा आहे, पण तो नेसायचा. त्यामुळे लहान घागर, मोठी घागर, पाणी तापवायची घागर, मातीची घागर, सगळ्या घागरीच. शब्दातच मापाची खूण नाही. माजघर यांना जो गोंधळ दिसतोय त्याचं निम्मं कारण हे आहे.

अवांतर: गणपतीच्या आरतीतल्या "चरणी घागरिया" म्हणजे घुंगरं, पाण्याच्या घागरी नव्हेत. लहान मुलं हमखास विचारतात, दालनात कुणी विचारलं तर सांगायला बरं.

वर्धाकाठ
आमच्या विदर्भात तुमची घागर नाही आणि तुमची कळशीही फारशी नाही. आमचा गुंड. पितळेचा गुंड आणि त्याहून लहान ती गुंडी. "दोन गुंड पाणी आणलं" असं म्हणतात. पुण्याला शिकायला आलो तेव्हा खानावळीच्या मावशींना "गुंड कुठाय" विचारलं तर त्या दचकून दाराकडे बघायला लागल्या. तसंच गंज. आमच्याकडे गंज म्हणजे पातेलं, तुमच्याकडे लोखंडावर चढतो तो.

घागर आम्हाला माहीत आहे, पण ती मातीची. अक्षय्य तृतीयेला पितरांसाठी मातीची नवी भांडी पाण्याने भरून ठेवतात. आमच्या घरी त्यांना करा आणि केळी म्हणतात. गेलेल्या पुरुषाच्या नावाने करा, बाईच्या नावाने केळी. आजोबांचा करा भरताना वडील कुणाशी बोलत नसत. वाळा घातलेलं ते पाणी नंतर आम्हाला प्यायला मिळे. शब्दसांदी म्हणतात तो स्त्री-पुरुष भेद इथे नावापुरता राहिलेला नाही, थेट माणसांना लावलेला आहे, हे मला फार जवळचं वाटतं.

अहिराणी_माय
खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही घागरच म्हणतो, "घागर भरणं" हाच शब्द. मातीची घागर, तिच्या तोंडावर मातीचंच लहान भांडं, बरोबर सांजोरी आणि आंबा. उंबरठ्यावर कुंकवाची बोटं ओढत पितरांची नावं घेतात. धातूचं पाण्याचं भांडं म्हणाल तर रोज हंडा आणि कळशी. वर्षाच्या त्या दिवशी मात्र घागर.

रेणापूरकर
मराठवाड्यात घागर हे भांड्याचं नाव कमी आणि मापाचं जास्त. टँकर आला की "किती घागरी घावल्या?" हाच प्रश्न. पाणी विकत घ्यायचं तेही घागरीवर. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, त्याच्या आधी पाण्याच्या टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती. तेव्हा रस्त्याच्या कडेला रांगेत ज्या शेकडो रंगीत प्लॅस्टिकच्या वस्तू लावलेल्या असायच्या, त्या सगळ्यांना आम्ही घागरी म्हणायचो. लाल, निळ्या, हिरव्या. त्यांत कळशीच्या आकाराच्या होत्या, हंड्याच्या आकाराच्या होत्या, तेलाचे डबेसुद्धा होते. नंबर लावला म्हणजे घागर लावली. रांगेत माणूस उभा नसला तरी चालायचं, घागर उभी पाहिजे.

प्लॅस्टिकचीच घागर का, तर रिकामी हलकी. पितळेची घागर रिकामी असतानाही दोन-तीन किलो भरते. तीन किलोमीटर चालणाऱ्या बाईला ते तीन किलो पाण्याचे हवे असतात, पितळेचे नको. भीमथडी यांच्या हिशोबात हे घाला.

आणि पैठणला जा. नाथांच्या वाड्यातला रांजण षष्ठीच्या आधी गोदावरीच्या पाण्याने भरतात, लोक आपापल्या घागरी ओततात. श्रीखंड्याची घागर पडली की रांजण वाहतो अशी श्रद्धा आहे. घागर ही नेऊन ओतायची. साठवणूक रांजणाची.

चाळीतला_नळ
गिरगावातल्या चाळीत वाढलो. तिथे जोडी होती हंडा-कळशीची, घागर हा शब्द आमच्या मजल्यावर कुणाच्या तोंडी नव्हता. नळाला पहाटे पाणी यायचं. धारेखाली आधी कळशी, कारण नळ आणि फरशी यांच्यामध्ये हंडा मावत नसे. कळशी भरायची, हंड्यात ओतायची, परत धारेखाली. हंडा भरला की त्यावर झाकण आणि झाकणावर भरलेली कळशी. मोरीच्या कट्ट्यावर अशा उतरंडी लागलेल्या असायच्या.

मोर्चेसुद्धा हंडा-कळशीचे. मृणाल गोरे यांना लोक पाणीवाली बाई म्हणत ते उगाच नव्हे. पाण्यासाठी बायका महापालिकेवर जात तेव्हा रिकामे हंडे आणि कळश्याच वाजवत जात. वर्तमानपत्रात आजही "हंडा-कळशी मोर्चा" असाच मथळा येतो. हा सगळा शब्दसंग्रह कोकणातून गिरणगावात आणि गिरगावात आलेल्या माणसांचा आहे, असं मला वाटतं. खळंपडवी यांच्या प्रतिसादाशी तो तंतोतंत जुळतो.

फोंडेकार
गोव्यात कळसो. तांब्याचा कळसो, पुल्लिंगी आणि चांगला पोटाचा. पाणी तापवायला भाण. बाकी तुमचं चालू द्या, वाचतोय.

तिठ्यावरचा
माजघर यांच्या शिपाईमामांची बिंदगी कानडीतली. तिकडे बिंदिगे. बेळगाव, निपाणी, गडहिंग्लज, चंदगड या पट्ट्यात मराठी घरांत सर्रास चालतो हा शब्द. आमच्या घरात घागर आणि बिंदगी दोन्ही होतं. आई सोवळ्यातल्या तांब्याच्या भांड्याला घागर म्हणायची आणि शेतावर, गोठ्यात न्यायच्या भांड्याला बिंदगी. एकाच कासाराकडून घेतलेली जोडी होती ती, आकारात काडीचा फरक नाही. म्हणून मला भीमथडी यांचं "अंगावर कुठे बसतं" हे पूर्ण पटत नाही. आमच्याकडे भांडं घरात कुठल्या पाण्यासाठी आहे यावरून नाव पडत होतं.

भीमथडी
तिठ्यावरचा, तुमचा मुद्दा रास्त आहे. पण तुमच्या घरात दोन भाषा शेजारी नांदत होत्या, तेव्हा दोन शब्दांना दोन कामं वाटून दिली गेली. जिथे घागर आणि कळशी दोन्ही एकाच भाषेतले आहेत तिथे वाटणी वाहण्यावरून झाली, असं माझं म्हणणं.

कसब्यातला_भाचा
मामांचं घर पुण्यात कसबा पेठेत, तांबट आळीला लागून. तिथला ठोक्यांचा आवाज ऐकत सुट्ट्या गेल्या. पाहिलेलं सांगतो.

हाती घडवलेली जुनी घागर एकाच पत्र्याची नसते. खालचं बूड वेगळं ठोकतात, वरचा खांद्याचा भाग वेगळा आणि गळा वेगळा. दोन भाग जोडताना एका काठाला दाते कापतात, ते एक आत एक बाहेर असे दुसऱ्या काठावर बसवतात आणि झाळून, म्हणजे तापवून डाग देऊन, सांधतात. मग वरून ठोकत ठोकत सांधा सपाट करतात. जुनं भांडं उजेडात तिरकं धरा, पोटाच्या सगळ्यात रुंद भागावर नागमोडी पिवळसर रेघ दिसेल. ती ही. शेवटी मठारकाम, म्हणजे गुळगुळीत तोंडाच्या हातोडीने सगळ्या अंगावर एकसारखे ठोके. ते दिसायला सुरेख दिसतात, पण मुळात त्याने पत्रा घट्ट होतो, सहज पोचे येत नाहीत. यंत्रावर दाबून केलेल्या भांड्याला ती रेघही नाही आणि ते ठोकेही नाहीत.

घडवणाऱ्याच्या दृष्टीने घागर-कळशी एकाच पद्धतीची कामं. पण माजघर, तुम्हाला हवं ते उत्तर भांड्यावर उमटलेलं असतं. भांडं कसं वापरलं ते झिजेवरून कळतं. ही जागा बघा. गळा: दोराने शेंदलेल्या भांड्याला काठाच्या खाली झिजलेला गुळगुळीत पट्टा असतो, बोट फिरवलं तर खोलगट लागतो. पोट: विहिरीच्या दगडी बांधणीवर आपटून आलेले पोचे चहूबाजूंनी असतात. कमरेवर नेलेल्या भांड्याची एक बाजू बांगड्यांनी ओरखडलेली असते, कारण हात त्या बाजूने वेढा घालतो. बूड: डोक्यावर आणि चुंबळीवर राहिलेल्या घागरीचं बूड गोल आणि तुकतुकीत राहतं, फरशीवर किंवा कट्ट्यावर सरकवलेल्या भांड्याचं बूड सपाट आणि खरखरीत होतं. आत हात जातो का तेही बघा. हात जात नसेल तर ते भांडं तांब्याने पाणी घ्यायचं नाही, कलंडून ओतायचं.

शब्दसांदी
हे फार मोलाचं. कोशात असं काही सापडणार नाही.

माजघर
सगळ्यांचे मनापासून आभार. आज शाळा सुटल्यावर भाच्याने सांगितलेल्या जागा एकेक करून पाहिल्या, चौथीची मुलं बरोबर होती. ज्या भांड्यावरून वाद झाला त्याच्या गळ्याखाली पट्टा आहे, अगदी बोटाला लागतो तसा. आणि डाव्या अंगाला बारीक आडव्या ओरखड्यांची जाळी आहे. मुलींनी आपापल्या बांगड्या लावून पाहिल्या, बरोबर त्याच उंचीवर येतात. आजींना विचारलं तेव्हा कळलं की त्या महाडकडून सून म्हणून आल्या आणि भांडं माहेरचं आहे. आमच्या घाटावरच्या गावात येऊनही त्यांनी कळशी हा शब्द सोडला नाही. शेजारच्या काकू फलटणच्या, म्हणून त्यांना ते घागर वाटलं.

मी असं ठरवतोय. चिठ्ठीवर आधी देणाऱ्याच्या तोंडचं नाव ठळक लिहायचं. खाली कुठल्या गावचं, कशासाठी वापरलं, कसं वाहिलं. त्याखाली बारीक अक्षरात त्याच भांड्याची इतर नावं: घागर, बिंदगी, गुंड, कळसो.

तिठ्यावरचा
उत्तम. शिपाईमामांचं नाव आलं, मला आनंद झाला.

आद्याक्षर
जरा विरोधी मत मांडतो. मुलांपुढे चार नावं एकदम ठेवली तर एकही राहणार नाही. शाळेत प्रमाण शब्द एकच द्यावा, बाकीचे शिक्षकांनी तोंडी सांगावेत.

वर्धाकाठ
आद्याक्षर, मला शाळेत एकच प्रमाण शब्द दिला होता. पुस्तकात घागरीचं चित्र होतं आणि खाली घागर लिहिलं होतं. घरी तेच भांडं गुंड. मला पुस्तकातली घागर ही कुठलीतरी दुसऱ्याच लोकांची वस्तू वाटायची, जी आमच्या घरी नाही. आपल्या घरातलं भांडं पुस्तकात आहे हे मला कॉलेजात गेल्यावर समजलं. चारही नावं लिहा हो.

अहिराणी_माय
वर्धाकाठ यांच्याशी शंभर टक्के सहमत. मुलांना चार नावं जड जात नाहीत, ती घरी जाऊन आजीला विचारतात आणि पाचवं घेऊन येतात.

माजघर
चारही नावं राहतील, नक्की. आता शेवटची शंका. शनिवारी सगळी भांडी कासाराकडे द्यायचं ठरलंय, पोचे काढून, उजळून आणायला. उद्घाटनाला चकचकीत दिसावीत असं मुख्याध्यापकांचं म्हणणं. काही काळजी घ्यायची का?

कसब्यातला_भाचा
कृपा करून पोचे काढायला देऊ नका. पोचा आतून ठोकून काढताना पत्रा ताणला जातो, जुन्या सांध्यावर ताण येतो आणि झाळ उकलू शकते. त्याहून मोठं म्हणजे पोचे, गळ्याचा पट्टा आणि बांगड्यांचे ओरखडे गेले तर तुमच्या चिठ्ठीत लिहिलेलं दाखवायला काही उरणार नाही. यंत्राच्या चाकावर पॉलिशही नको, त्याने बारीक ओरखडे पुसले जातात आणि मठारकामाचे ठोके बोथट होतात.

घरीच चिंचेचा कोळ आणि थोडं मीठ घेऊन मऊ फडक्याने पुसा. राख, वाळू, तारेची घासणी काही नको. लगेच भरपूर पाण्याने धुवा आणि कोरडं करा, आंबट राहिलं तर हिरवं चढतं. आत हात जात नाही त्या भांड्यात चिंचेचं पाणी आणि मूठभर तांदूळ घालून गोल फिरवा, दोनदा विसळा आणि उन्हात पालथं ठेवा. हंड्याच्या बुडाला चुलीची काजळी असेल तर ती तशीच राहू द्या. पाणी तापवायचा हंडा कोणता ते मुलांना त्यावरूनच ओळखता येईल.